पॅडीच्या हाती ग्लास कुणी दिला?

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सेंट पॅट्रिक हा आयर्लंडचा संत आणि १७ मार्च हा त्याचा दिवस. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर तिथल्या नव्या सरकारने विसाच्या दशकात दारूविषयीचे जे कायदे केले, त्यांत या दिवशी पब बंद ठेवण्याची सक्ती होती. १९६० साली ती उठली. त्याआधीच्या तीसहून अधिक वर्षांत डब्लिनच्या माणसाला आपल्या राष्ट्रीय सणाला उघडपणे ग्लासभर बिअर मिळत नसे. सकाळी चर्च, मग संचलन, मग घरी जेवण, असा तो दिवस. एक पळवाट होती. त्या दिवशी डब्लिनमध्ये कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरे आणि तिथल्या बारला परवाना असे. सणाच्या दिवशी शहरातले श्वानप्रेमी एकाएकी वाढत, असं जुने डब्लिनकर हसत सांगतात.

आज याच दिवशी निम्म्या जगात काय चालतं ते तुम्ही पाहिलं आहे. हिरव्या टोप्या, हिरवी बिअर, खोटी लाल दाढी लावलेला, दंतकथेतला बुटका लेप्रेकॉन आणि बनियनवर ‘आज मी आयरिश, आज मला पाजा’ अशा अर्थाची वाक्यं. यातलं बहुतेक सामान आयर्लंडमध्ये जन्मलेलं नाही. सेंट पॅट्रिकची मिरवणूक न्यूयॉर्कमध्ये १७६२ सालापासून निघते, म्हणजे अमेरिका हे राष्ट्र जन्माला येण्याच्या आधीपासून. बिअरमध्ये हिरवा रंग मिसळण्याची युक्ती न्यूयॉर्कच्याच एका डॉक्टरच्या नावावर १९१४ साली नोंदलेली आहे. शिकागोची नदी हिरवी करण्याची प्रथा प्लंबरांच्या कामगार संघटनेने १९६२ मध्ये सुरू केली. सण परदेशी गेला, तिथे त्याला दारूचा वास लागला आणि मग तो त्याच वासासकट मायदेशी परतला.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी उपयोजित कलेचे वर्ग घेतले. गिनेस बिअरची १९३० च्या दशकातली पोस्टरं ते विद्यार्थ्यांपुढे धरत आणि विचारत, ‘यात काय नाही ते सांगा.’ पोस्टरात काय आहे हे कुणीही सांगेल. जे मुद्दाम गाळलंय ते ओळखायला नजर लागते, असं त्यांचं म्हणणं. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं माझ्या परीने दिलेलं लांबलचक उत्तर समजा.

मला सांगायचंय ते असं. दारूडा आयरिश माणूस, हिणवायच्या भाषेत ‘पॅडी’, हा साचा बिअर कंपन्यांनी घडवला नाही. तो इंग्रजी आणि अमेरिकन व्यंगचित्रकारांनी तिरस्कारापोटी घडवला. बिअर कंपन्या कित्येक दशकं त्याला घाबरून होत्या. त्यातला डंख गेला आहे आणि त्यातून पैसा निघतो, हे दिसल्यावरच त्यांनी तो उचलला, धुऊनपुसून लोभस केला आणि विकायला काढला.

आधी तिरस्काराची गोष्ट. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनिएल चित्रं काढायचा. ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टींची चित्रं काढणारा तोच. मुलांसाठी इतक्या हळुवार हाताने रेखाटणारा हा माणूस आयरिश बंडखोर काढायला बसला की माकड काढी. मे १८८२ मध्ये डब्लिनच्या फीनिक्स पार्कात दोन बडे ब्रिटिश अधिकारी मारले गेले. त्याच महिन्यात टेनिएलने ‘आयरिश फ्रँकेन्स्टाइन’ हे चित्र काढलं. त्यात हातात रक्ताळलेला सुरा घेतलेला राक्षस आहे आणि मागे भेदरलेला त्याचा निर्माता. पेरी कर्टिस या अमेरिकन इतिहासकाराने १९७१ मध्ये या चित्रांवर एक पुस्तक लिहिलं. पुढे आलेला जबडा, चपटं नाक, मागे गेलेलं कपाळ हे सगळं त्या काळच्या वंशविज्ञानाच्या नावाखाली चाललेल्या थोतांडातून कसं आलं, ते त्यात चित्रागणिक दाखवलं आहे.

अटलांटिकच्या पलीकडे थॉमस नास्ट होता. अमेरिकन सांताक्लॉजला आजचं रूप देणारा, रिपब्लिकन पक्षाला हत्ती देणारा, भला मोठा व्यंगचित्रकार. ‘हार्पर्स वीकली’त सप्टेंबर १८७१ मध्ये त्याचं एक चित्र छापून आलं. माकडतोंड्या आयरिश माणूस बंदुकीच्या दारूच्या पिंपावर बसलाय, एका हातात पेटती मशाल आणि दुसऱ्या हातात बाटली. आपल्या भाषेत दोन्ही दारूच, त्यामुळे मराठीत हे चित्र जरा जास्तच चपखल बसतं. मुद्दा मात्र वेगळा आहे. त्या बाटलीत रम आहे. नास्टच्या आणि त्याच्या समकालीनांच्या चित्रांत आयरिश माणसाच्या हाती असते ती व्हिस्की, रम, असलं काहीतरी कडक. बिअर क्वचित.

बिअर त्या काळी अमेरिकेत जर्मनांची मानली जाई. पाब्स्ट, श्लिट्झ, बुश, मिलर ही सगळी जर्मन घराणी. नास्ट स्वतः जर्मनीत जन्मलेला. इंग्लंडमध्ये तर बिअर म्हणजे सभ्यपणा. चित्रकार होगार्थने १७५१ साली दोन चित्रांची जोडी काढली, त्यात जिन पिणाऱ्यांची गल्ली सडकी आणि बिअर पिणाऱ्यांची गल्ली सुखी, धष्टपुष्ट दाखवली. तेव्हा ‘आयरिश म्हणजे बिअर’ हे समीकरण पुरातन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकोणिसाव्या शतकातली कुठलीही चित्रसंचिका उघडून पाहावी. हे समीकरण फार अलीकडचं आहे. दारूड्याची प्रतिमा जुनी, त्याच्या हातातला काळ्या बिअरचा ग्लास नवा.

मग आयरिश लोक पीत नव्हते का? पीत होते. १८४५ ते १८५२ या दुष्काळाच्या वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. जे गेले ते गोद्यांवर, कालव्यांवर, रेल्वेच्या कामांवर लागले. बरेचसे एकटे पुरुष, राहायला खोपटी. मुकादम भेटायचा तो दारूच्या गुत्त्यात, मजुरी मिळायची तीही बऱ्याचदा तिथेच. असा माणूस पिणार, यात वंशाचं रक्त शोधण्याचं काही कारण नाही. मुंबईच्या गिरणगावात साठ-सत्तर वर्षांपूर्वी पगाराच्या दिवशी काय व्हायचं ते पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती कुठल्याच जाहिरातीत नाही. फादर थिओबाल्ड मॅथ्यू या धर्मगुरूने १८३८ च्या एप्रिलमध्ये कॉर्क शहरात दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली. पाहता पाहता लाखोंनी शपथ घेतली, इतकी की दारूवरचा सरकारी महसूल कोसळला. दुष्काळाने ती चळवळ मोडली. १८९८ मध्ये ‘पायोनियर’ नावाने दुसरी संघटना निघाली. येशूच्या पवित्र हृदयाची छोटी पिन कोटावर लावणारे तिचे सभासद विसाव्या शतकाच्या मध्यावर पाच लाखांच्या घरात होते. तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात! आयर्लंडमध्ये वर्षभरात दारूला अजिबात न शिवलेल्या प्रौढांचं प्रमाण २०१५ च्या सरकारी आरोग्य पाहणीत सुमारे चौथाई भरलं होतं. जे पितात ते एका बैठकीत फार पितात, हेही त्याच पाहण्या सांगतात. म्हणजे अजिबात न पिणारा आणि एका दमात भरपूर पिणारा, असे दोघंही तिथे ठळक आहेत. साच्यात जागा एकालाच मिळाली.

जाता जाता एक गंमत. ‘आयरिश लोकांनी अर्ज करू नये’ अशा पाट्या अमेरिकेत लागत, असं आयरिश अमेरिकन घराघरांत सांगितलं जाई. २००२ मध्ये एका इतिहासाच्या प्राध्यापकाने लेख लिहून मांडलं, की हे बहुतांशी मिथक आहे, असे पुरावे सापडतच नाहीत. २०१५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका शाळकरी मुलीने जुन्या वृत्तपत्रांचे संगणकीय साठे धुंडाळले आणि अशा जाहिराती ढिगाने काढून दाखवल्या. तिचा निबंध सामाजिक इतिहासाच्या मान्यवर नियतकालिकात छापला गेला. इतिहासाच्या प्राध्यापकांविषयी माझा आदर त्यामुळे कमी झालेला नाही, पण शाळकरी मुलींविषयीचा वाढला आहे.

आता गिनेसकडे येऊ. ३१ डिसेंबर १७५९ रोजी आर्थर गिनेस याने डब्लिनमधली सेंट जेम्सेस गेट ही बंद पडलेली भट्टी भाड्याने घेतली. भाडं वर्षाला ४५ पौंड, करार ९,००० वर्षांचा. घराणं प्रॉटेस्टंट, राजनिष्ठ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडने होमरूल म्हणजे स्वशासन मागितलं, तेव्हा हे घराणं त्याच्या विरोधात उभं होतं. १८८६ मध्ये कंपनीचे शेअर विक्रीला आले तेही लंडनच्या बाजारात. आणि तरीही बाटलीवरच्या लेबलावर १८६२ पासून हार्प हे तंतुवाद्य आहे, आयरिश अस्मितेचं जुनं चिन्ह. कंपनीने १८७६ मध्ये त्याची बोधचिन्ह म्हणून नोंदणी केली. १९२२ मध्ये स्वतंत्र आयर्लंडने राजचिन्ह म्हणून तेच वाद्य घेतलं, तर ते उलट्या बाजूला तोंड करून काढावं लागलं, कारण सुलट तोंडाचं आधीच एका बिअरवर होतं. स्वातंत्र्य मिळवलेल्या देशाला आपलं चिन्ह दारूच्या कारखान्याला वळसा घालून घ्यावं लागावं, याहून मोठा विनोद व्यंगचित्रकारालाही सुचला नसता.

सरांच्या वर्गातली पोस्टरं या कंपनीची. ब्रिटिश वृत्तपत्रांतली तिची पहिली मोठी जाहिरात १९२९ ची. मथळ्याचा अर्थ, गिनेस प्रकृतीला चांगली. बेन्सन ही लंडनची जाहिरातसंस्था. जॉन गिलरॉय हा तिचा चित्रकार. प्राणिसंग्रहालयाचा बावरलेला रखवालदार, त्याचा ग्लास पळवणारा समुद्रसिंह, ग्लास गिळून तो लांब मानेत अडकलेला शहामृग, आणि १९३५ मध्ये आलेला चोचीवर ग्लास तोलणारा टूकन पक्षी. टूकनच्या जाहिरातीच्या ओळी डोरोथी सेयर्स हिने लिहिल्या. रहस्यकथांची गाजलेली लेखिका ती हीच. रंग, रेषा, विनोद, सगळं अव्वल. आजही ही पोस्टरं पाहिली की हेवा वाटतो.

यात काय नाही? यात आयरिश माणूस नाही. सिंह आहे, कांगारू आहे, कासव आहे. दक्षिण अमेरिकेतला पक्षी आहे. डब्लिनचा माणूस नाही. हिरवं कुरण नाही, गवताने शाकारलेली झोपडी नाही, फिडल नाही. रखवालदार तर गिलरॉयने स्वतःसारखाच काढला होता, असं म्हणतात. कंपनीचं मुख्यालय १९३२ मध्ये लंडनला गेलं आणि १९३६ मध्ये लंडनच्या पार्क रॉयल भागात नवा कारखाना उभा राहिला. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला ही बिअर शक्य तितकी इंग्लिश, घरगुती, निरुपद्रवी वाटायला हवी होती. त्या काळात पोस्टरवर हसरा आयरिश माणूस आणि हातात ग्लास काढला असता, तर पाहणाऱ्याला ‘पंच’मधलं माकड आठवलं असतं. जाहिरातवाल्यांना हे नेमकं कळत होतं. त्यांनी माकड टाळलं आणि अख्खं प्राणिसंग्रहालय आणलं.

हे टाळणं पुढे पन्नास वर्षं चाललं. सत्तरच्या दशकात तर कारण अधिकच धारदार झालं. उत्तर आयर्लंड पेटलं होतं. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबांत बॉम्बस्फोट झाले, २१ माणसं मेली आणि काही दिवसांत दहशतवादविरोधी कायदा संमत झाला. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या प्रत्येक आयरिश माणसाचा उच्चार आता पोलिसांच्या कानात खुपू लागला. तिथल्या दूरचित्रवाणीवर ‘मठ्ठ पॅडी’चे विनोद रोज चालू होते. १९८२ मध्ये लंडनच्या एका सायंदैनिकात एक व्यंगचित्र आलं. भयपटाचं पोस्टर आणि चित्रपटाचं नाव ‘द आयरिश’. टेनिएलला जाऊन सत्तर वर्षं होत आली होती, पण चेहरे तेच. लंडनच्या महापालिकेने, तेव्हा तिचे नेते केन लिव्हिंगस्टन होते, त्या पत्राला जाहिराती देणं थांबवलं. या काळात, १९८७ पासून, गिनेसने इंग्लंडमध्ये गाजवलेली जाहिरातमालिका पाहा. काळ्या कपड्यांतला, सोनेरी केसांचा, कोड्यात बोलणारा एक देखणा पुरुष. नट होता रुटगर हाउअर, चक्क डच.

आणि मग नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. इतकं झपाट्याने पालटलं की १९९४ हे एकच वर्ष घेतलं तरी पुरे. एप्रिलमध्ये युरोव्हिजन गायनस्पर्धेच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ हा नाच झाला आणि आयरिश नृत्य रातोरात जगभरात माहीत झालं. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फुटबॉल विश्वचषकात आयर्लंडने इटलीला हरवलं. ३१ ऑगस्टला आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने शस्त्रसंधी जाहीर केली. त्याच वर्षी बास या इंग्लिश कंपनीने ‘कॅफ्रीज आयरिश एल’ ही बिअर बाजारात आणली. आयरिशपण आता भीतिदायक राहिलं नव्हतं. अमेरिकेत तर आयरिश माणसाचा राष्ट्राध्यक्ष होऊन तीस वर्षं उलटली होती. ज्याच्यावर हसायचं तो आता दुबळा नाही, हे कळलं की हसणं निर्धास्त होतं आणि निर्धास्त हसण्याचा माल खपतो.

या मालाचा कळस म्हणजे तयार आयरिश पब. डब्लिनमधले वास्तुरचनाकार मेल मॅकनॅली यांनी विद्यार्थी असताना तिथल्या जुन्या पबांचा अभ्यास केला होता. पुढे त्यांनी आयरिश पब बांधून देणारी कंपनी काढली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गिनेसने तिच्याशी हात मिळवला. गिऱ्हाईक फ्रँकफुर्टचं असो की दुबईचं, त्याने नमुना निवडायचा. खेड्यातल्या झोपडीचा नमुना, व्हिक्टोरियन डब्लिनचा, जुन्या बिअरभट्टीचा, केल्टिक थाटाचा, किंवा किराणा दुकान आणि बार एकाच छताखाली असलेला. लाकूडकाम आयर्लंडमध्ये तयार होणार, कंटेनरमध्ये भरून जाणार. सोबत जुन्या सायकली, लोणी घुसळण्याचे डेरे, पत्र्याच्या जाहिराती, रस्त्यावरच्या दिशादर्शक पाट्या. नोकर म्हणून दोन-चार आयरिश पोरंपोरी ठेवण्याचा सल्लाही. जगभर असे पब हजारोंनी झाले, आणि जिथे झाले तिथे गिनेसचा खप वाढला.

झोपडीच्या नमुन्यापाशी मी जरा थांबतो. दुष्काळात ज्या घरांतून माणसं भुकेने मेली, भाडं थकलं म्हणून ज्यांची छपरं जमीनदाराच्या माणसांनी उतरवली, तीच घरं. आता त्यांच्या चुलीपाशी बसून बर्गर खायचा. मला यात कुणाचा दुष्टावा दिसत नाही. पैसा दिसतो, आणि पैशाला आठवण ठेवायचं काही कारण नसतं. पण याच काळात खऱ्या आयर्लंडमध्ये, विशेषतः खेड्यांत, पब बंद पडत गेले. २००५ नंतरच्या सतरा-अठरा वर्षांत सुमारे दोन हजार. जगाला नमुने पुरवणाऱ्या गावांत नमुन्यापुरताही पब उरला नाही, असं कुठेकुठे झालं आहे.

याहून मासलेवाईक उदाहरण ‘किलियन्स आयरिश रेड’ या बिअरचं. वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिस्कॉर्थी गावी लेट घराण्याची भट्टी १८६४ पासून होती. ती १९५६ मध्ये बंद पडली. वारसाने नाव आणि कृती आधी फ्रान्समधल्या एका कंपनीला आणि मग अमेरिकेतल्या कूर्सला वापरायला दिली. १९८१ पासून ही ‘आयरिश’ बिअर कोलोरॅडोच्या डोंगरांत बनू लागली. आयर्लंडच्या पबात ती मागाल तर पबवाला तुमच्याकडे नवलाने बघेल.

जुना साचा आणि नवा साचा शेजारी ठेवून पाहा. नास्टचा पॅडी बडबड्या होता, नवा पॅडी गोष्टीवेल्हाळ आहे. तो भांडखोर, हा दिलदार. तो आळशी, हा निवांत; गिनेसचा ग्लास नीट भरायला ११९.५ सेकंद लागतात आणि थांबणाऱ्यालाच चांगलं मिळतं, ही तर जाहिरातमालिकाच होती. त्यातली समुद्रावरच्या लाटांची आणि घोड्यांची १९९९ ची फिल्म जाहिरातकलेच्या कुठल्याही वर्गात दाखवण्याजोगी आहे आणि तिच्यात पॅडी नाही, हे मुद्दाम नमूद करतो. एरवी मात्र प्रत्येक खोडीचा गुण झाला. बदलला नाही तो एकच धागा: हा माणूस प्यायल्याशिवाय पुरा होत नाही. आधी तो दोष होता म्हणून निदान कुणी त्याची काळजी तरी करी; फादर मॅथ्यूने केली. आता तो स्वभाव झाला, संस्कृती झाली. स्वभावावर औषध कोण घेतो?

बायका या साच्यात कुठे आहेत? फारशा नाहीत. ऐंशीच्या दशकात ‘हार्प’ या लागर बिअरची एक जाहिरात आयर्लंडमध्ये फार गाजली. वाळवंटात नोकरीला गेलेला आयरिश माणूस घामाघूम बसून गावाकडच्या गोष्टी आठवतो. थंडगार बिअर आठवते आणि सॅली ओब्रायन नावाची मुलगी, तिचा एक कटाक्ष. आखाती देशांत वर्षानुवर्षं काढलेली माणसं ज्या घरांत आहेत, त्या कोकणातल्या घरांना ही जाहिरात समजेल. सॅलीचं काम करणारी नटी इंग्लिश होती.

आता हरकत येते. ‘त्यांना स्वतःला काही वाटत नाही, मग तुम्हाला का वाटावं?’ हरकत रास्त आहे. अमेरिकेतली ‘एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स’ ही १८३६ पासूनची आयरिश संघटना दर मार्चमध्ये दारूड्या पॅडीच्या बनियनांविरुद्ध आणि भेटकार्डांविरुद्ध आवाज उठवते. डब्लिनमध्ये त्याकडे बऱ्याचदा परदेशी गेलेल्या काकांचा हळवेपणा म्हणून बघितलं जातं. मे २०११ मध्ये ब्रिटनची राणी डब्लिनला आली, तिला गिनेसच्या संग्रहालयात नेलं गेलं आणि तिच्यापुढे भरलेला ग्लास ठेवला गेला. तो तिने घेतला नाही. पाचच दिवसांनी ओबामा मनीगॉल या आपल्या पूर्वजांच्या गावी आले, त्यांनी पबात ग्लास रिता केला. दोन्ही छायाचित्रं जगभर गेली, फुकट. सरकारच पाहुण्यांना तिथे नेत असेल तर बनियन विकणाऱ्याला काय बोलणार?

पण आयरिश लोकांना काहीच वाटत नाही, हे खरं नाही. २००९ मध्ये कराराला अडीचशे वर्षं झाली म्हणून गिनेसची मालक असलेल्या डिआजिओ कंपनीने ‘आर्थर्स डे’ काढला. सप्टेंबरमधला एक गुरुवार, संध्याकाळी ५ वाजून ५९ मिनिटांनी, म्हणजे १७:५९ ला, सगळ्यांनी आर्थरच्या नावाने ग्लास उंचवायचा. गावोगावी गाण्यांचे कार्यक्रम. कंपनीने चक्क सण निर्माण केला. पहिल्या वर्षी मजा वाटली, पुढे डॉक्टर बोलू लागले, रुग्णवाहिकांवरचा ताण बातम्यांत आला, आणि क्रिस्टी मूरसारख्या ज्येष्ठ गायकाने त्यावर टीकेचं गाणंच केलं. २०१४ मध्ये कंपनीने हा दिवस बंद केला. हा सण परक्यांनी लादलेला असता तर लोकांनी कदाचित हसण्यावारी नेला असता. तो घरचाच होता, म्हणून खुपला.

ही प्रतिमा बिअरला चिकटलेलीच आहे, तिच्याशिवाय ती खपायची नाही, असं कुणी म्हणेल तर त्याने नायजेरियाकडे बघावं. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून लागोसजवळ गिनेसचा कारखाना आहे आणि तो देश तिच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. तिथे १९९९ नंतर काही वर्षं कंपनीचा चेहरा होता मायकेल पॉवर हा कृष्णवर्णीय, धाडसी, गुंडांना लोळवणारा वार्ताहर. झोपडी नाही, फिडल नाही, लेप्रेकॉन नाही. बिअर तीच, मालकही तेव्हा तोच. लंडनला डच माणूस, लागोसला नायक आणि बॉस्टनला पॅडी. कुणाला कुठला पोशाख चढवायचा हे बाजार पाहून ठरतं, परंपरेचा त्यात काही संबंध नसतो.

आपल्याकडे आयर्लंडची ओळख एके काळी अगदी निराळी होती. टिळकांच्या १९१६ च्या लीगने ‘होमरूल’ हा शब्दच तिथून घेतला. न. चिं. केळकरांनी मराठीत आयर्लंडचा इतिहास लिहिला. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी वाचकाला आयर्लंड म्हटलं की स्वराज्यासाठी झगडणारा पार्नेल आठवे, डी व्हॅलेरा आठवे. आज मुंबई-पुण्यातल्या तरुणाला पब आठवतो. दारूच्या थेट जाहिरातीला आपल्या दूरचित्रवाणीवर बंदी आहे, म्हणून सोडा आणि गाण्यांच्या सीडी पुढे करून आडवळणाने ती होते. अशा देशात पबची सजावट हीच जाहिरात असते आणि तिला कुठला नियम लागत नाही.

आणि आपला स्वतःचा पॅडीही आहे. मुंबईच्या हिंदी सिनेमातला गोवेकर ख्रिश्चन. ‘बॉबी’तला (१९७३) प्रेमनाथचा जॅक ब्रगांझा आठवा. ‘अमर अकबर अँथनी’तला (१९७७) अँथनी गोन्साल्विस गावठी दारूचा धंदा करतो. खरे अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, हिंदी चित्रपटसंगीताचे एक शिल्पकार आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. गाण्यातून गुरूचं नाव अमर झालं, प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे मात्र राहिला अंड्यातून बाहेर येणारा पात्ररूपी अँथनी. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. टेनिएलनंतरच्या बहुतेक साच्यांमागे वाईट हेतू नसतोच.

उपाय काय, असं विचाराल. अपमानाची तक्रार करून फारसं साधत नाही, असं माझं मत आहे. लोभस साच्याविरुद्ध तक्रार करणारा माणूस नेहमी रुक्ष दिसतो आणि कंपनीला तेच हवं असतं. आयर्लंडच्या संसदेने २०१८ मध्ये सार्वजनिक आरोग्य (मद्य) कायदा केला. त्यात आयरिश प्रतिमेविषयी एक शब्द नाही. त्या कायद्यानुसार शाळा, पाळणाघर, मुलांचं मैदान यांच्यापासून २०० मीटरांत दारूची जाहिरात लावता येत नाही, बस आणि रेल्वेत तर कुठेच नाही. जानेवारी २०२२ पासून दारूची किमान किंमत कायद्याने ठरली आहे. दारूच्या धंद्यातल्या लोकांनी आपल्या बाजूने रोजगार, वारसा, पर्यटन यांची दुहाई दिली. कायदा तरीही झाला. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने दारूला राष्ट्राच्या स्वभावातून काढून दुकानाच्या फळीवर, किमतीच्या चिठ्ठीशेजारी, जिथली तिथे ठेवली.

इथे उपयोजित कलेचे विद्यार्थी बरेच दिसत आहेत. उद्या तुमच्यासमोर कुणी कागद ठेवील आणि म्हणेल, अमुक जमातीचा ‘अस्सल’ माणूस काढून द्या. कोळी, पारशी, सरदारजी, गोवेकर, कुणीही. काम घ्या, पोटाचा प्रश्न आहे. फक्त पेन्सिल उचलण्याआधी त्या जमातीतल्या दोन-चार माणसांना भेटून या, आणि त्यांतला एक तरी तुमच्या चित्रात बसत नसेल, तर ते चित्र पुन्हा काढा.

आयर्लंडमध्ये २००१ साली दर प्रौढामागे वर्षाला चौदा लिटरांहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात जात होतं. आता ते दहाच्या आसपास आलं आहे.